घोंगडीचं चौथं टोक

कोरेगाव, १९४८

गड्या बिराप्पा,

शाळेत असताना आपण चौघांनी आजारी मास्तरांना घोंगडीत घालून वडूजला नेलं, तीच गोष्ट मी मुलांच्या पुस्तकात लिहिली. युक्ती तुझी, घोंगडी तुझी. पुस्तकात मात्र युक्ती श्रीधर नावाच्या पोराची केली. कुणी सांगितलं नव्हतं. धनगराचं पोर नायक करायला मीच कचरलो.

काल बाजारात तू हाक मारलीस. "लेकीनं समदं वाचून दावलं. लय झ्याक हाय! त्यात मी कंचा रं?"

माझ्या तोंडून निघालं, "चौथं टोक धरणारा."

"व्हय? म्हंजी हाय की मी!" तू बाजारभर सांगत सुटलास.

मेंढरांमागं फिरून तू अक्षरं विसरलास. हे पत्रही तुला लेकच वाचून दाखवील. म्हणून ते टपालपेटीत टाकत नाही.

तुझा सोबती म्हणवून घेणारा,
लालासाहेब