सुनंदाची पातळ धार

चैत्र, सोमवार

आज सांजच्याला माझ्या गोठ्याकडं पहिल्यांदा कोण यावं? डेअरीवर दूध घेणारा बबन! मागून शेजारची सुनंदा आली अन् त्याच्याकडं पाठ करूनच बसली. पाणी घालती म्हणून आठ दिसांपासून यानं तिचं दूध बंद केलंय. असंच चाललं तर म्हैस इकावी लागंल बिचारीला. तिची म्हैस माझ्याच गोठ्यात आसती, माझ्या बोरला अजून पाणी हाय ना.

मी म्हणलं, "भांडू नका. बबन, तूच काढ धार."

"मी? आत्या, लाथ घालंल की मला!"

पाठ करून बसलेली सुनंदा फिसकन् हसली. "सरका," म्हणली अन् त्याच्या डोळ्यांदेखत धार काढली. बबननं दुधाचा दाटपणा मोजायचं मीटर त्यात सोडलं. पाण्याचा थेंब नसूनबी डिगरी कमीच!

"हिरवं कुठंय दुष्काळात? नुसत्या उसाच्या वाढ्यावर जगती म्हैस, दूध पातळच यायचं," मी म्हणलं.

बबन खाली बघून म्हणला, "चुकलं वहिनी. सकाळी दूध घेऊन या."

त्याच दुधाचा च्या केला. सुनंदानं तोंड इकडं करून पिला. मला कसं सुचलं हे? लई हसू येतंय.

डेअरीच्या चेअरमनलाबी धार दाखवायची म्हणून दोघंबी त्यांना घेऊन गुरवारी येणार हायत.