बाकाखालचा सुतार

धाकट्या,

दारू सोडून तू चर्चमध्ये परतलास, जीव भांड्यात पडला. पण प्रभूची भाकर वाटायची वेळ झाली की तू पेचकस घेऊन बाकाखाली शिरतोस, हे काय रे? पाळक म्हणाले, “ताई, आता एकही बाक डुगडुगत नाही, तरी हा वर येईना!”

तू म्हणे सांगतोस, “आधी त्या भाकरीला लायक तर होऊ दे.” अरे शहाण्या, लायकी बघून वाढलं असतं तर तिथे मी तरी बसले असते का? देवानं तुला कृपेनं घरात घेतलंय, सुतारकामावर ठेवलेलं नाही!

हे पत्र वाचून उत्तराऐवजी तू माझी खिडकी दुरुस्त करायला धावशील. म्हणून रविवारी मीच येतेय, तुझ्याशेजारी बसायला. भाकर आली की, लहानपणी मी भरवताना उघडायचास तसं, मुकाट्यानं तोंड उघड.

तुझ्यापुढे हात टेकलेली,
थोरली