पुठ्ठ्याच्या डोक्यावरचा मुकुट

फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स
जूनचा शेवटचा रविवार

मी, बेलार्मिनो फुर्तादो, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी (पूर्ण), निवृत्त गिरणी कामगार आणि यंदाच्या पवित्र आत्म्याच्या उत्सवाचा मुख्य यजमान, पूर्ण शुद्धीत पुढील मजकूर लिहून देतो. आदरणीय दाजी वेनान्सियो यांस सादर नमस्कार. माझी बहीण इदालिना आणि आपली तांबडी गाय, दोघींची खुशाली कळवावी (क्रम वयानुसार लावला आहे, गैरसमज नसावा).

महागडा तारा आणल्याने अमेरिकेतील फुटबॉल वर येईल काय, अशी आपण मायदेशीच्या बेटावरून पृच्छा केलीत. उत्तर जबाबदारीने देतो. आमच्या गावच्या क्लबाने असा एक तारा आणला, आणि त्याच्या पहिल्या सामन्यास मैदान तुडुंब भरले. चाळिशीला टेकलेला लिसांद्रो क्विंतेला अर्धा तास चालला (धावला असे लिहिणे खोटे ठरेल), मग मांडी धरून बाहेर गेला. त्याच्यापाठोपाठ प्रेक्षकही गेले. उरलेला खेळ आम्ही जुन्याच मंडळींनी पाहिला. फरक इतकाच की आता आमच्या जागा खांबामागे होत्या (पुढच्या महाग झाल्या). पुढे तो मैदानावर आलाच नाही. कृत्रिम गवताने त्याचे गुडघे दुखतात. आमचे मैदान सबंध कृत्रिम गवताचे आहे, हे त्याला आणणाऱ्यांस ठाऊक असावे अशी माझी समजूत होती.

आता उत्सवाविषयी. मिरवणुकीत मुकुट घालण्याचा मान यंदा माझा नातू दुआर्ते याचा होता. (आपण त्याला पाळण्यात पाहिले आहे. पुढे तो याच क्लबात बचावपटू झाला.) गुडघा मोडला तेव्हा त्याने तसा नवस केला होता. परंतु यजमान या नात्याने मी विचार केला की, तारा मुकुट घालून चालल्यास गावाला व खेळाला उभारी येईल. क्लबाने होकार दिला. मिरवणुकीच्या सकाळी क्लबाची गाडी आली आणि तीतून क्विंतेला उतरवण्यात आला. पुठ्ठ्याचा, पूर्णाकृती, हसरा. बँड सुरू झाला होता, सर्वांना फुकट वाढायचे सूप चुलीवर उकळत होते, आणि मी शब्द दिला होता. मी मुकुट पुठ्ठ्याच्या डोक्यावर ठेवला.

"बाबा, माझ्या पोराचा मुकुट पुठ्ठ्याला घालता?" दुआर्तेची आई, माझी मुलगी लुसीलिया, भर रस्त्यात ओरडली.

"पुठ्ठा म्हणून हिणवू नकोस गं," बेकरीवाला लाउरेनियो म्हणाला. "मैदानात खराही एवढाच हलतो!"

एवढ्यात खाडीवरून वारा सुटला. पुठ्ठा आडवा होऊ लागला, तेव्हा त्याला पाठीमागून आधार दिला तो दुआर्तेने, थेट चर्चच्या दारापर्यंत. "असू द्या हो, आजोबा," तो म्हणाला, "बचाव करणं माझंच काम आहे."

दुसऱ्याच दिवशी क्लबाने त्याला काढले, आणि गावातल्या आणखी दोघा मुलांना. ताऱ्याचे ताट मोठे, त्यामुळे पंक्तीतील इतरांची पाने उचलावी लागली. आता दुआर्ते बर्फघरात मासे कापतो. खेळाचे बूट त्याने कोणास तरी देऊन टाकले. जेवताना मी सामन्याचा विषय काढला, तर म्हणतो, "मासे बरे, आजोबा. शेवटपर्यंत थांबतात तरी."

सबब माझे मत: ताऱ्यामुळे सदरे खपतात. फुटबॉल होता तेथेच राहतो, किंबहुना थोडा खाली जातो.

आपला,
बेलार्मिनो फुर्तादो

ता.क. पुढील हंगामाची माझी जागा मी राखून ठेवली आहे. क्विंतेलाच्या नावाचा सदराही घेतला आहे, तो केवळ थंडीकरिता (जून असला तरी). वरील मतास याने बाध येत नाही.

दुसरे ता.क. आपल्या गावच्या संघास बचावपटू हवा असल्याचे इदालिनाने लिहिले होते. दुआर्तेला बोलावून घ्यावे. आपणास आपणहून सुचल्यासारखे लिहावे. मी सुचवले असे कळल्यास तो येणार नाही. आपले मैदान उताराचे आहे आणि चेंडू समुद्रात जातो, याची मला कल्पना आहे. चालेल. मी त्याला येथे जेवताना बघू शकत नाही.

समक्ष: लाउरेनियो, बेकरीवाला. तसेच लुसीलिया, माझी मुलगी. मिरवणुकीपासून ती माझ्याशी बोलत नाही, परंतु हे पत्र तिने शेवटपर्यंत वाचले आणि पाकिटावरील पत्ता स्वतःच्या हाताने लिहिला.