चवीपुरतं मीठ

प्रिय ताई,

माझं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा हेच सांगतो की आई बरी आहे. पायांची सूज उतरली आहे, जिना चढताना दम लागत नाही, आणि काल तर बाईसाहेब पडदे धुवायला काढत होत्या. मी ओरडलो तेव्हा कुठे ठेवले. आता पत्र कशाला, फोन का नाही, असं तू विचारशील. फोन केला होता की परवा. तू 'बोल' म्हणालीस आणि मी इमारतीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलत बसलो. शेवटी तू म्हणालीस, ढब्बू, मला कामं आहेत. 'आईला देऊ का?' असं मी विचारलं, तर 'नको' म्हणून तू फोन ठेवलास. आई शेजारीच बसली होती. तिला ऐकू गेलं असणार, कारण ती उगाचच चष्मा पुसायला लागली. तू ठरवलेल्या त्या वृद्धांच्या निवासातूनही फोन येऊन गेला. खोली तयार आहे, पुढच्या महिन्यात कधीही आणा म्हणाले. दुसऱ्या दिवशी आईची जुनी बॅग माळ्यावरून खाली आलेली दिसली.

हे मी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, म्हणजे आईच्या नजरेस पडायला नको. ऑफिसही आता ते जुनं नाही. मला पाकिटांतले पदार्थ चाखायच्या चवखोलीतून उचलून लेबलांच्या विभागात बसवलंय. का, ते पुढे येईलच. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, पण भांडं एकदम पुढे करायला हात धजत नाही, एवढं समजून घे.

तुझी बदली झाली आणि आई माझ्याकडे राहायला आली, तो दिवस आठव. तू माझं स्वयंपाकघरातलं कपाट उघडलंस आणि सूपची, नूडल्सची, सॉसची आणि नुसती गरम करून खायच्या भाज्यांची पाकिटं धबाधबा तुझ्या अंगावर पडली. तू कमरेवर हात ठेवून विचारलंस, हे कपाट आहे की तुझ्या कंपनीचं गोदाम? डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की आईचं हृदय दमलंय, अंगात पाणी साठतं, तेव्हा पाकिटातलं सगळं बंद. घरी शिजवलेलं साधं जेवण, आणि मीठ अगदी चवीपुरतं. तू जाताना दारात म्हणालीस, तुला जमणार नाही, मला माहितेय. मला ते फार लागलं. इतकी वर्षं एकटा राहिलो, दुसऱ्यासाठी कधी चूल पेटवली नाही, हे खरंच होतं, आणि खरं होतं म्हणूनच लागलं. तुझी गाडी वळणापर्यंत जायच्या आत मी ते कपाट रिकामं केलं होतं.

मग मी स्वयंपाक शिकलो. पहिला भात असा झाला की त्यानं भिंतीला पोस्टरं चिकटवता आली असती. कांद्यानं रडवलं, भोपळ्यानं बोट कापलं, आणि डाळ शिजते तेव्हा तिच्याजवळ उभं राहावं लागतं हे मला गॅसची शेगडी खरवडताना कळलं. आई दारात खुर्ची टाकून बसायची आणि मधेच उठायला बघायची. मी म्हणायचो, तू बस, तुझी पाळी संपली. हळूहळू हात बसला. भोपळ्याचं सूप, घेवड्याची भाजी, टोमॅटो घातलेली डाळ, बटाटे. ताट वाढलं की आधी फोटो काढून तुला पाठवायचो, मग आईला जेवायला सांगायचो. भावोजींनी 'लग्नाच्या बाजारात अजून भाव येईल' असं कळवलं होतं, तेव्हा मी आठवडाभर हवेत होतो. ऑफिसात तर मी इतरांचे डबे बघून नाकं मुरडायचो. ज्यांच्या नूडल्स विकून आपलं पोट चालतं त्यांच्याच भोजनगृहात बसून मी ताज्या भाजीवर व्याख्यानं झोडायचो. सगळे कंटाळले होते, पण वरिष्ठ म्हणून ऐकून घ्यायचे.

आणि शिजवताना माझा थाट काय विचारतेस. चवखोलीत करतो तसं डोळे मिटून चमचाभर रस्सा जिभेवर फिरवायचा, थांबायचं, मग निकाल द्यायचा. जीभ म्हणायची, अळणी. मी चिमूटभर टाकायचो. पुन्हा चाखायचो, पुन्हा अळणी, पुन्हा चिमूट. चवीपुरतं म्हणजे किती, हे जगात कोणाला कळत असेल तर ते मला, असा माझा समज. माझ्या एका होकारावर हजारो पाकिटं बाहेर पडतात, मला घरच्या डाळीचं काय! आई ताट पुसून घेतल्यासारखं स्वच्छ करायची. पाणी मात्र फार प्यायची. मी म्हणायचो, उन्हाळाच तसा आहे.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू फोनवर होतीस आणि मी खोलीत होतो, म्हणून पुन्हा सांगतो. आईचे पाय सुजले, घोटा दिसेना, आडवं पडलं की श्वास कोंडायला लागला. दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं की यांच्या पोटात एवढं मीठ गेलं कुठून? मी छाती पुढे काढून सांगितलं, घरचंच जेवण, माझ्या हातचं, घरात एक पाकीट शोधून दाखवा. डॉक्टर गोंधळले. तू स्पीकरवर होतीस, तू म्हणालीस, मग हे झालं कसं? आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघून म्हणाली, मीच चोरून खात होते. वेफर्स. शेजारच्या शिंपीणकाकू आणून द्यायच्या.

तू काय काय बोललीस ते मी इथं लिहीत नाही. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. पोरगा मरमर मरतो आणि तू लहान मुलासारखी चोऱ्या करतेस, असं कोणीही म्हटलं असतं. मग तू शिंपीणकाकूंनाही फोन करून झाडलंस. त्या बिचाऱ्या रोज दुपारी शिवण घेऊन आईजवळ बसायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. जिन्यात भेटल्या तर माझ्याकडे बघत नाहीत. आणि नंतर तू म्हणालीस की तिच्यावर आता विश्वास नाही, तिथं निवासात तरी कुलपात ठेवतील सगळं.

पण ताई, तू तरी लांबून बोललीस. मी काय केलं ते ऐक. दवाखान्यातून परत येताना टॅक्सीत मी तिला सबंध रस्ताभर सुनावलं. माझ्या कष्टांची, भाजलेल्या बोटांची, तिच्या कृतघ्नपणाची यादी वाचली. हो, कृतघ्न हाच शब्द वापरला, आणि तोही ड्रायव्हरसमोर. घरी आल्यावर तिला खुर्चीत बसवून तिच्या डोळ्यांसमोर तिचं कपाट उपसलं. साड्यांच्या घड्या मोडल्या, उशीचा अभ्रा उलटा केला, औषधांचा डबा ओतला. निघाली काय, तर बटणं, खोकल्याच्या गोळ्या आणि तुझ्या-माझ्या शाळेतली ओळखपत्रं. मी म्हणालो, लपवण्यात हुशार आहेस. ती म्हणाली, साड्या राहू दे, मी घड्या घालते. मी राहू दिल्या.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या विभागात नवीन प्रमुख बाई आल्या. त्यांनी सगळ्या चाखणाऱ्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. छोट्या पेल्यांतून पाणी, काहींत नुसतं पाणी, काहींत कमीजास्त मीठ, आणि आपण ते चढत्या क्रमानं लावायचं. मी हसलो. म्हटलं, पहिलीच्या मुलांचा पेपर आहे. मी माझे पेले पटापट लावले आणि पाय हलवत बसलो. बाईंनी माझी रांग पाहिली, आणि मला नवशिक्या पोरापोरींनी लावलेल्या रांगा दाखवल्या. माझ्या रांगेत पहिले अर्धे पेले मी नुसतं पाणी म्हणून लावले होते. त्यातला एक त्यांनी शेजारच्या मुलीला चाखायला दिला. तिनं तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, ई, समुद्र! मला पुन्हा चाखायला सांगितलं. मी पुन्हा चाखला, ताई. पाणीच होतं. इतकी वर्षं दिवसभर ती मसाल्यांची, मिठाची पाणी जिभेवर घ्यायची आणि घरी येऊन तीच पाकिटं फोडून खायची. जीभ कधीच मेली होती, आणि तिच्या भरवशावर मी वरिष्ठ होतो. बाई चांगल्या आहेत, चारचौघांत काही बोलल्या नाहीत. पण नोकरीपेक्षा मला दुसरंच काहीतरी आठवलं.

त्या संध्याकाळी मी मीठ आधी एका वाटीत मोजून घेतलं आणि नेहमीसारखी डाळ केली, डोळे मिटून, चाखत, जिभेला बरं वाटेपर्यंत. मग वाटीत उरलेलं मोजलं. डॉक्टरांनी आईला अख्ख्या दिवसाला जेवढं सांगितलं होतं, त्याहून जास्त त्या एका डाळीत गेलं होतं. तशीच सकाळची भाजी. तसंच सूप. ते सगळं मी तिला रोज वाढत होतो, वर फोटो काढत होतो. पाकिटांवर निदान मिठाचा आकडा तरी छापलेला असतो.

मी डाळ ओतून दिली आणि तिच्यासमोर जमिनीवर जाऊन बसलो. विचारलं, तुला खारट लागत नव्हतं? ती म्हणाली, लागत होतं की, पहिल्या दिवसापासून. मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, अरे, लग्न झाल्यापासून मला कोणी ताट वाढून दिलं नव्हतं. तू वाढायचास, आणि मग समोर बसून माझ्या तोंडाकडे बघायचास. एकदा नाव ठेवलं असतं तर तू पुन्हा ती पाकिटं आणली असतीस. आणि दवाखान्यात खोटं का बोललीस? त्यावर म्हणाली, तुझी ताई लहानपणापासून म्हणते, ढब्बूला काही जमत नाही. पहिल्यांदा तुला काही जमलं होतं. मला त्या क्षणी जमीन दुभंगावी असं वाटलं. मी फोन उचलला तुला सांगायला, तर तिनं हात धरला. माझी शपथ आहे, म्हणाली, ताईसमोर तोंडातून एक शब्द काढायचा नाही.

शपथ होती खरी, पण तिच्याआड मी लपलो ही जास्त खरी गोष्ट आहे. मूग गिळून बसलो. तू निवास शोधलास, मी ऐकलं. तू खोली ठरवलीस, मी 'बघ बाई, तुला योग्य वाटेल ते' म्हणालो. शिंपीणकाकूंचं दार बंद दिसलं की मी पाय न वाजवता जिना उतरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोर शेजारी बसून भाजी निवडत होता. आता मी चाखत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या छोट्या चमच्यानं मीठ घालतो आणि भांड्यावर झाकण ठेवतो. मला ते जेवण कपडे धुतलेल्या पाण्यासारखं लागतं, ती मात्र आता खरं सांगते. परवा म्हणाली, भोपळा कच्चा आहे. आज म्हणाली, घेवडा बरा झालाय. मागच्या तपासणीत डॉक्टरही खूश होते. तरी ती बॅगेत एकेक साडी ठेवते आहे, कारण जायला नकार देऊन बॅग परत माळ्यावर ठेवली तर मला तुला खरं सांगावं लागेल, हे तिला कळतं.

म्हणून हे पत्र. तोंडातून शब्द काढायचा नाही म्हणाली होती, हातानं लिहू नकोस असं म्हणाली नव्हती. एवढी पळवाट तरी मला घेऊ दे. आईनं काहीही चोरून खाल्लं नाही, ताई. शिंपीणकाकूंनी तिला वेफर्सचा तुकडासुद्धा दिला नाही. आज घरी जाताना आधी त्यांच्या दारात उभा राहून हेच सांगणार आहे, मग त्या हाकलून देवोत. त्या खोलीचं काय करायचं ते तू ठरव. माझ्या हातात आईला ठेवणं तुला बरोबर वाटत नसेल तर तुझंही चूक नाही, मी भांडणार नाही. पण न्यायचीच असेल तर माझ्या चुकीपायी ने, चोर म्हणून तिला त्या दारातून आत पाठवू नकोस. आणि पत्र मिळालं की आधी तिला फोन कर, मला नको. संध्याकाळी ती खिडकीशी बसलेली असते. फोन वाजला की मी भाजी आणायला म्हणून बाहेर पडेन.

तुझाच,
ढब्बू