घर माझं, जमीन सुताराची

३ मार्च
घर घेतलं! लाकडी, दोन खोल्या, वर पोटमाळा. या देशात परक्याला घर घेता येतं, जमीन नाही. म्हणजे भिंती माझ्या, खालची माती दुसऱ्याची. असले कायदे मला अडवणार? जमीन घराची डागडुजी करणाऱ्या सुताराच्या नावावर घेतली. इथलाच आहे, साधा, मला साहेब म्हणतो. शिवाय जमीन खरी माझीच, असं त्याच्याकडून गुपचूप लिहून घेतलंय. बायको म्हणाली, आधी वकिलाला विचारा. तिला कशातच धाडस नको.

१९ एप्रिल, सकाळी ७
सुतार परसात मिरच्या लावतोय. न विचारता. असू दे, जागेची राखण होते.

२ जून
फाटकावर सुताराने स्वतःच्या नावाची पाटी ठोकली. काम सुबक. उद्या खडसावणार.

३ जून
पाठ धरली होती. खडसावणं पुढे ढकललं.

२० जून
सुताराच्या मुलीचं लग्न ठरलं. अभिनंदन केलं. तिला घर बांधून देणार म्हणे. कुठे, विचारलं. त्याने माझ्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

२१ जून
वकिलाला तो गुपचूप कागद दाखवला. वाचून त्याने आधी केबिनचं दार लावलं. म्हणाला, हा कायदा चुकवल्याचा पुरावा आहे. कोर्टात दाखवलात तर पहिले तुम्हीच आत जाल. घरी येऊन कागद पिठाच्या डब्यात लपवला. बायकोला सांगितलं, केस भक्कम आहे.

५ जुलै
सुताराच्या पाया पडलो. म्हणजे पडलेला चष्मा उचलायला वाकलो, तेव्हाच. रडलोही. आयुष्यभराची कमाई आहे हो यात! तो म्हणाला, साहेब, घर तुमचंच, कोण नाही म्हणतंय? घेऊन जा की. मी फळ्या सुट्या करून देतो, मजुरी नको.

८ जुलै
रात्रभर विचार केला. बरोबरच आहे! घर कायद्याने माझं. एक खिळा सोडणार नाही. दिवसभर फळ्यांवर खडूने नंबर टाकले. बायको भांडी बांधत होती. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१२ जुलै, दुपारी ४
अख्खं घर ट्रकमध्ये चढलं. दारं, खिडक्या, जिना, सगळं. सुतार बघत राहिला. जिंकलो! बायको पुढे बसली आहे, तोंड फिरवून. ट्रकवाला विचारतोय, उतरवायचं कुठे?
त्याला म्हटलं, तू आधी गावातून एक चक्कर तर मार.