हिरवी बाटली आणि मामीचं नाक

मु. पो. वडनेर, ता. हिंगणघाट
१६ नोव्हेंबर

चि. रत्नदीप यास,

बापूमामाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत, तुझी पाठ आणि तुझ्या पुण्याच्या खोलीतला गळका नळ, तिन्ही ठीक असतील असे धरून चालतो. आम्ही दोघे बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण बत्तीस वर्षे एसटीत उभ्याने तिकिटे फाडल्यावर त्याचा तेवढा हक्क आहे. फोन असताना पत्र काऊन, असे तुझ्या मनात येईल. अरे, एवढी लांब गोष्ट फोनवर सुरू केली की तू मीटिंगमध्ये असतोस.

तू पाठवलेली कोलोनची हिरवी बाटली पोळ्याच्या आदल्या दिवशी पोचली. (आधी ती चुकून शेजारच्या भैयाजींकडे गेली. त्यांनी ती उघडून स्वतःच्या मानेला लावून पाहिली, पण ते जाऊ दे.) वरचे इंग्रजी त्यांची नात आचल हिने वाचून दिले. ती हिंगणघाटला फार्मसी शिकते, त्यामुळे गावात कोणतीही बाटली तिच्याच हातून जाते. तिने समजावले की हे चोळायचे नाही, मनगटावर मारायचे आणि वाट पाहायची. अंगाच्या उष्णतेने वास दोनदा बदलतो. आधी हिरवा, मग गवताचा, शेवटी लाकडाचा. आम्ही आयुष्यभर खोबरेल लावले, ते सकाळी जे होते तेच संध्याकाळी होते.

पोळा उरकल्यावर एके दिवशी सकाळी नऊला मारले. खरे सांगतो, लिंबाचे पान चुरगळून त्यावर ताजे कापलेले ज्वारीचे हिरवे कडवळ ठेवावे असा वास. समोरच्या तानबाची शेळी अंगणात आली, माझे मनगट हुंगले, चाटले, शिंकली आणि अपमान झाल्यासारखी निघून गेली. मी मनगट तुझ्या मामीपुढे धरले. तिने नुसती मान हलवली.

तुला माहीत आहे, दोन वर्षांपूर्वीच्या तापात तिचे नाक गेले ते गेलेच. डॉक्टर म्हणाले होते, आपोआप येईल किंवा येणार नाही. (एवढे तर मीही सांगितले असते.) तेव्हापासून या घरातले नाक मी. दूध नासले का, फोडणी करपली का, गॅस सुरू राहिला का, सगळ्याला मला हाक. जिच्या हातच्या वांग्याच्या भाजीसाठी लोक सोयरीक काढून जेवायला यायचे, ती अंदाजाने मसाला भाजू लागली. मला बोलावताना तिचा चेहरा पडायचा. मी थट्टा करून वेळ मारून न्यायचो, पण आतून बरे वाटत नसे.

असो. चष्म्याची काडी बसवायला मी हिंगणघाटला निघालो. बसमध्ये शेजारच्या बाईने दोनदा सीटखाली वाकून पाहिले आणि शेवटी विचारले, की भाऊ, सांबाराची जुडी तुमची का? (सांबार म्हणजे तुमच्या पुण्याची कोथिंबीर.) अकरा वाजता, ऊन चढल्यावर, वास खरोखर बदलला. आता मे महिन्यात कुलरला नवी खस लावून पाणी सोडल्यावर येतो तसा गार वास येऊ लागला. दुकानात चष्मेवाला माझ्या जवळ जवळ सरकत होता. मला वाटले कान दुखवतो की काय, पण तो बिचारा गारव्याला आला होता.

दोन वाजता घरी परतलो, हातपाय धुतले, जेवायला बसलो. मामी भाकर वाढायला वाकली आणि तशीच थांबली. इकडेतिकडे पाहू लागली. मग म्हणाली, "कोण लाकूड कापून राह्यलं?"

आसपास कोणी लाकूड कापत नव्हते. तिने माझा हात ओढून नाकाला लावला, भाकरीच्या पिठासकट. "बाबाच्या सदऱ्याचा वास आहे हा," ती म्हणाली. तिचे वडील गिरडकडच्या आरामशीनवर लाकडे कापायचे. संध्याकाळी अंगावर भुसा घेऊन घरी यायचे. ती माझा हात धरून बराच वेळ बसली. लग्नाला अडतीस वर्षे झाली, पण दार उघडे असताना तिने माझा हात कधी धरला नव्हता. नेमका तानबा शेळी शोधत दारावरून गेला. जाऊ दे म्हटले, पाहू दे त्याला.

दुसऱ्या दिवसापासून नेमच झाला. नऊला मी मारायचे, दोनला तिने हुंगायचे. हिरवे आणि खस तिला कळतच नव्हते, फक्त लाकूड. पण दसऱ्याच्या सुमारास एकदा अकरा वाजता ती चुलीपासून उठून आली आणि म्हणाली, "कुलर काऊन लावला?" आणि गेल्या रविवारी सकाळी नऊला मी बाटली दाबली, तर आतल्या खोलीतून आवाज आला, "लिंबू कोणं तोडला?" वास माझ्या अंगावर पुढे पुढे जात राहिला आणि तिचे नाक मागे मागे येत गेले. बाटलीने केले की आपोआप झाले, कोण जाणे. आता ती मसाला स्वतः भाजते आणि मला स्वयंपाकघरातून हाकलते. माझी नोकरी दुसऱ्यांदा संपली, पण काल वांग्याची भाजी झाली होती. मी चार भाकरी खाल्ल्या.

तुझा,
बापूमामा

ता. क. बाटलीत बोटभर उरले आहे. जमल्यास दुसरी पाठव.

ता. क. २. खरे काम हे. निवृत्त झालो तेव्हा मी मामीसमोर खर्रा, तीच ती चुना लावून घोटलेली तंबाखू-सुपारी, सोडला होता. तिचे नाक गेल्यावर तो हळूच पुन्हा धरला. काल तिने माझा सदरा हुंगला आणि म्हणाली, "वर लिंबू, मंग खस, मंग लाकूड, अन् त्याच्याखाली तंबाखू." आचल सांगते की काही महागड्या अत्तरांत तंबाखूचा वास मुद्दाम घालतात. तर मामीला फोन करून एवढेच सांग, की या बाटलीत कंपनी शेवटी तंबाखू टाकते.

ता. क. ३. फोन करू नकोस. पाकीट चिकटवण्याआधी मामीने पत्र वाचले. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "त्याले हे बी विचारा, कंपनी सुपारी अन् चुना बी टाकते का?"