आपला पुदिना कुठं जातो

आई, आज सकाळी मावशी येऊन गेली. तुझ्याबरोबर घरोघर फिरून बाया गोळा करणारी, नाल्याकाठच्या दारूच्या भट्ट्या फोडताना तुझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहणारी मावशी. गुडघ्यांनी तिला पार जेरीला आणलंय, तरी ऊन तापायच्या आत काठी टेकत आली, ओट्यावर बसली आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "उद्या ग्रामसभा हाय. दारूबंदी समितीची अध्यक्ष म्हणून तुह्यं नाव टाकून राह्यलो आमी. नाई म्हणू नोको." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चहा ठेवते म्हणून आत आले आणि गॅसपुढे नुसती उभी राहिले. तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुझी खुर्ची या लोकांनी माझ्यासाठी राखून ठेवली आहे. त्या खुर्चीत बसायचं तर उद्या सगळ्यांसमोर शपथ घ्यावी लागेल. दारू गाळणार नाही, विकणार नाही आणि विकणाऱ्याला कुठलीही मदत करणार नाही. पहिल्या दोन गोष्टी मी झोपेतही म्हणेन. तिसरी माझ्या घशाखाली उतरत नाही. का, ते सांगायला मला गावात माणूस नाही, म्हणून दुपारची कामं टाकून तुला लिहायला बसले.

आई, आपला पुदिना नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये जातो. चार वर्षं झाली. पुदिना, गवती चहा, सब्ज्याची पानं, कधी कोवळा सांबार, हॉटेलवाले कोथिंबीर म्हणतात तो. तुझ्या जावयाच्या गाडीवरून खोकी पुलगाव स्टेशनवर जातात आणि तिथून सकाळच्या गाडीनं नागपूरला. उन्हाळ्यात तिथं थंडगार कॉकटेल करतात. दारू, लिंबू, बर्फ आणि वर ताजी हिरवी पानं. पानं जितकी ताजी तितकं पिणाऱ्याला गार वाटतं म्हणे. खुडायला सात बाया येतात, त्यांना मी सांगून ठेवलं आहे की हॉटेलवाले सरबतात घालतात. एकदा त्यांनी तुळस मागितली होती. मी ताडकन नाही म्हटलं. सब्जा देते, तुळस देणार नाही. मग तो दिवसभर मी मोठ्या तोऱ्यात वावरले, जणू काय अख्खी दारूबंदी मीच राखली आहे. सब्जा म्हणजे तुळशीची सख्खी बहीण, हे तू असतीस तर लगेच ऐकवलं असतंस.

तुझा एक दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी पाचवीत आहे. बाजाराचा दिवस आहे, तू पाणी भरायला गेली आहेस आणि आपल्या पोत्यावर मी एकटी बसले आहे. नाल्याकाठी मोहाची भट्टी लावणारा तो हसरा माणूस येतो, पुदिन्याच्या दोन जुड्या उचलतो आणि जाता जाता म्हणतो, "मायले सांगजो, तुमच्यासारखा पुदिना कोणाचाच नाई." तू आल्यावर मी फुशारकीनं तुला हे सांगते. तू हातातली कळशी खाली ठेवतेस, पदर खोचतेस आणि म्हणतेस, "जा. आपल्या जुड्या घेऊन ये." मला वाटतं तू गंमत करते आहेस. तू मनगट धरून मला उठवतेस. त्याच्या अंगणात लिंबाखाली माणसं बसली आहेत, मधे फुटाण्यांची परात आहे, आणि त्याची बायको चटणीसाठी आपलाच पुदिना खुडते आहे. मी दारातच उभी राहून रडत मागते, "आमचा पुदिना द्या." माणसं हसतात. ती बाई मात्र एक पुरी जुडी आणि एक अर्धी खुडलेली माझ्या हातात देते. परत आल्यावर तू दोन्ही जुड्या बकरीपुढे टाकल्यास आणि न रागावता म्हणालीस, "आपला पुदिना दारूच्या बाजूले बसत नाई." मला तेव्हा तुझा फार राग आला होता. बाबा तर थेंबालाही शिवत नव्हते, मग हिचं काय जातं, असं वाटायचं. तुझा धाकटा भाऊ पिऊन त्याच नाल्यात पडला होता आणि वीतभर पाण्यात गेला, हे मला मावशीनं सांगितलं, तेही तू गेल्यावर.

पण तू नुसती कडक नव्हतीस, हेही मला आठवतं, आणि तेच जास्त अडचणीचं आहे. माझ्या लग्नात ओटी भरताना तू खणानारळाखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पुदिन्याच्या मुळ्या सरकवल्यास. सासूबाईंना साडी ओली झाल्याचं दिसलं आणि मला सगळ्यांसमोर ओटी उघडून दाखवावी लागली. मी लाजेनं अर्धी झाले होते. त्या मुळ्या मी सासरच्या न्हाणीमागे लावल्या, आणि तू गेल्यावर आम्ही दोघं इकडं राहायला आलो तेव्हा त्यांच्याच फुटव्यांवर पुन्हा वाफे धरले. आज हिरव्या नेटखाली आहे तो सगळा तोच, बारक्या पानाचा, तिखट वासाचा. विकतचं रोप मी कधी आणलं नाही. म्हणजे बारमध्ये जातो तो निव्वळ पुदिना असता तरी एक वेळ चाललं असतं. जातो तो तुझा पुदिना.

आणि पुदिनाच नाही, तुझा हातही जातो. मागच्या उन्हाळ्यात त्या बारमधून फोन आला. "ताई, तुमचा पुदिना कडू लागून राह्यला. गिऱ्हाईक वापस करून राह्यले." मला ते ऐकवेना. दारूत जातो याची लाज एकीकडे आणि आपला पुदिना कडू आहे म्हणतो याचा संताप दुसरीकडे, आणि खरं सांगते, संताप मोठा होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी नागपूरला गेले. अकरा वाजले होते, बार उघडायचा होता, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, आत माघ महिन्यासारखा गारठा. कॉकटेल करणारा माणूस पस्तिशीचा असेल, भंडाऱ्याकडचा, बोलायला फार अदबशीर. पेल्यात पुदिना टाकून तो लाकडी दांड्यानं खलबत्त्यात कुटावं तसा कुटत होता. कडू नाही होणार तर काय होणार? मी त्याचा हात धरून बाजूला केला. पंधरा पानं घेतली, तळहातावर ठेवली आणि दुसऱ्या हातानं एकच टाळी दिली. तू मोर्चातल्या बायांसाठी माठभर पन्हं करायचीस, तेव्हा मी अशीच पुदिना कुटायला बसले होते आणि तू माझ्या हातून वरवंटा काढून घेतला होतास. "उठव त्याले, मारू नोको," म्हणाली होतीस. तेच मी त्याला सांगितलं. रिकाम्या हॉलमध्ये टाळी केवढ्यानं वाजली. त्यानं माझा तळहात हुंगला, मग स्वतः एक टाळी दिली आणि स्वतःचा हुंगला. "कोणापासून शिकले ताई?" मी म्हटलं, आईपासून. "त्या कोणत्या हॉटेलात होत्या?" मी म्हटलं, हॉटेलात नव्हती, पण तिचंही दारूशीच काम होतं. त्यानं आदरानं मान हलवली.

त्यानं दोन पेले भरले. कैरीचा रस, काळं मीठ, बर्फ आणि आपला पुदिना. एकात दारू, एकात नाही. बिनदारूचा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "हा तुमचा." मी तो प्याले, छान होता. पण गिऱ्हाईक जो परत करत होतं तो हा नव्हताच. पुदिना तिथं बरोबर लागतो का, हे बघायचं तर दुसराच चाखायला हवा होता. मी असं मनाला सांगितलं आणि दुसऱ्या पेल्यातला एक घोट घेतला. आई, चांगलं लागलं. आधी जीभ चुरचुरली आणि मग मागून पुदिना असा वर आला की मला तुझा माठ आठवला, तुझे ओले हात आठवले. रडू यायच्या बेतात होतं. गाडीत बसल्यावर मात्र मी अख्खी जुडी चावून संपवली आणि वर्धा येईपर्यंत शेजारच्या बाईकडे तोंड करून बोलले नाही. त्या बारमध्ये आता सगळी माणसं टाळी देऊनच पुदिना घालतात. त्यानं फोनवर सांगितलं होतं.

म्हणून आज चहा घेऊन बाहेर आले तेव्हा मी मावशीला म्हटलं, "मावशी, मले नोको. दुसऱ्या कोणाचं नाव टाका." तिनं बशीत चहा ओतला. "काऊन?"

"मले जमत नाई बायाइसमोर बोलाले."

"खोटं नोको बोलू," मावशी म्हणाली. "पुदिना कुठी जाते, मले माहीत हाय. माह्या सुनेनं खोक्यावरचं हॉटेलचं नाव मोबाईलवर टाकून पाह्यलं. दोन वर्स झाले."

तिची सून त्या सातजणींत आहे. "बाकीच्याइले?" मी विचारलं.

"साऱ्याइले माहीत हाय. तू सरबत म्हणतं, त त्या बी सरबत म्हणते."

"मंग तरी माह्यंच नाव काऊन घेता?"

"तू नाई म्हटलं त गाव इचारीन, हिच्या मायची जागा हे काऊन सोडते. खोदत बसतीन. मंग तुहा पुदिना बंद, आन ह्या बायाइचं काम बी बंद. हो म्हटलं त कोणी काई इचारत नाई." मग बशी खाली ठेवून म्हणाली, "आपल्या गावात येऊ द्याची नाई, एवढं आपल्या हाती हाय. नागपूर का आपलं गाव हाय? तुही माय असती त तिनं आयकलं नसतं. पण ते नाई ना आता."

मावशीला सोडायला मी फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन वाफ्याच्या कडेला बसले. चार वर्षं मला वाटत होतं की मी या बायांपासून लपवते आहे, आणि त्या मला कळू न देता माझं लपवणं सांभाळत होत्या. आधी निदान एक वाट होती. कधीतरी मन घट्ट करून त्या हॉटेलला नाही म्हणायचं, वाफे उखडायचे, मेथी लावायची आणि मोकळं व्हायचं. आता ते माझ्या एकटीचं राहिलं नाही. पुदिना बंद केला तर सातजणी घरी बसतात. चालू ठेवला तर मी तुझ्या खुर्चीत बसून खोटं बोलते. खुर्ची नाकारली तर पुदिना आणि बायांचं काम, दोन्ही जातं. मी प्रत्येक बाजूनं चालून पाहिलं, प्रत्येक बाजूला कुणीतरी ओळखीचंच उभं आहे आणि सगळे माझ्या भल्याचंच सांगतात. जीव कोंडतो, आई. तू अशा वेळी काय केलं असतंस, हे मला पक्कं माहीत आहे, आणि त्याचा मला काडीचा उपयोग नाही.

उद्या मी जाईन. तुझी हिरवी नऊवारी मला येत नाही, पण त्याच रंगाची साडी आहे ती नेसेन, कारण बायांना ते बरं वाटेल. तिन्ही गोष्टी म्हणेन. तिसरी मोठ्यानं म्हणेन, हळू म्हटली तर मावशी माझ्याकडे बघेल. आणि परवा सकाळी खोकी जातील.

हे कागद मी संध्याकाळी चुलीत घालणार आहे. पण त्याआधी एक राहिलं आहे, आणि ते लिहिल्याशिवाय उठायचं नाही असं मी ठरवलं आहे. त्या हॉटेलचा पहिला फोन आला तेव्हा मी वाफ्यातच होते. माल कशासाठी पाहिजे, हे त्या माणसानं आडपडदा न ठेवता सांगितलं. मी तिथल्या तिथं हो म्हटलं. नंतर कारणं पुष्कळ जमवली, बायांना काम मिळेल, माल वाया जाणार नाही, वगैरे. ती सगळी नंतरची. फोन ठेवल्यावर मनात पहिलं जे आलं ते वेगळं होतं, आणि ते आल्यावर मला हलकं वाटलं होतं. मनात आलं, बरं झालं, आई नाही.